मेव्ह नावाची झिंग

बाळांच्या नावांच्या इंग्रजी पुस्तकांत ‘मेव्ह’समोर बहुधा एकच शब्द छापलेला असतो. मराठीत त्याला ‘धुंद करणारी’ म्हणावं लागेल. आईबाप तो वाचून जरा हसतात, एखादी आजी नाक मुरडते आणि तरीही नाव ठेवलं जातं, कारण ते छोटं आहे, कानाला गोड आहे आणि अस्सल आयरिश आहे. दिलेला अर्थ चूक म्हणता येणार नाही. पण तो ज्या वादातून गाळून आला, त्या वादात व्युत्पत्ती आहे, विवाहाचा कायदा आहे, दारू आणि बैल आहेत आणि महाभारतातली एक दुर्लक्षित राजकन्याही आहे. पुस्तकातल्या त्या एका शब्दात यातलं काहीच उरलेलं नाही.

आधी नावाचं रूप पाहू. जुन्या आयरिशमध्ये ते चार अक्षरांत लिहीत: एम, ई, डी, बी. वाचताना ‘मेद्ब’ मात्र म्हणायचं नाही. स्वरानंतर आलेला ड मऊ होतो, ब चा व होतो, म्हणजे उच्चार ‘मेद्व’च्या जवळ जातो. पुढे तो मऊ ‘द’ही झिजून गेला आणि ‘मेव’ राहिलं. लिखाण मात्र उच्चाराइतकं झिजलं नाही. गेलिक लिपीत असं मऊ झालेलं व्यंजन दाखवायला अक्षरावर एक टिंब देत. रोमन टाइप आल्यावर टिंबाच्या जागी एच बसला आणि चार अक्षरांचं नाव सात अक्षरांचं झालं: एम-ई-ए-डी-एच-बी-एच. विसाव्या शतकात शुद्धलेखन सुधारलं तेव्हा त्याचं ‘मेआव्ह’सारखं दिसणारं आटोपशीर रूपही चालू झालं. इंग्रजी ‘मेव्ह’ हे या सगळ्यांच्या उच्चारावरून बांधलेलं आहे. हे नाव जिच्यामुळे गाजलं त्या आयरिश पुराणकथांतल्या कॉनॉट प्रांताच्या राणीला या लेखात मी तिच्या जुन्या उच्चाराने मेद्व म्हणणार आहे.

मूळ शोधायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. संस्कृत मधु, ग्रीक मेथु, लिथुआनियन मेदुस, इंग्रजी मीड आणि जुनी आयरिश मिद ही सगळी एकाच घरातली भावंडं. कुठे अर्थ मध, कुठे मधापासून आंबवलेलं पेय, तर ग्रीकमध्ये थेट वाइन. फारसीतला ‘मय’ही याच मधूचा झिजलेला नातू, त्यामुळे गझलेतला मयखाना आणि कॉनॉटची राणी यांचं दूरचं नातं लागतं. ‘मद्य’ मात्र यात ओढायचा मोह टाळावा. तो मद् धातूचा, हर्षाचा आणि उन्मादाचा. मधूशी त्याचं साम्य कानाला भुलवणारं असलं तरी मूळ वेगळं.

खरी अडचण प्रत्ययाशी सुरू होते. केल्टिकमध्ये या मूळ शब्दाला ‘वा’ लागून विशेषण तयार झालं आणि त्याचं वेल्शमधलं सख्खं भावंड आजही वापरात आहे. तिथे त्याचा अर्थ सरळ ‘प्यायलेला, झिंगलेला’ असा होतो. म्हणजे काटेकोर व्याकरणाने मेद्व म्हणजे ‘झिंगलेली’. ‘झिंग आणणारी’ हा अर्थ अभ्यासकांनी तिच्या कथांकडे पाहून पसंत केला. तो ओढूनताणून आणलेला आहे असं नाही. पण शब्दकोशातून निघालेल्या अर्थाला पुराणकथेने वळण दिलं, हे नावांच्या पुस्तकात कुणी सांगत नाही. दुसरा एक पक्ष मधूला हातच लावत नाही. त्याच्या मते मूळ धातू ‘मेद्’ म्हणजे मापणं, निवाडा करणं. लॅटिन मोदुस याच धातूचा आणि जुन्या आयरिशमध्ये ‘निवाडा करतो’ याचं क्रियापदही याच धातूचं. तसं धरलं तर मेद्व म्हणजे सत्ता चालवणारी. राणीला हा अर्थ शोभतो, पण मला तो जरा जास्तच शोभतो असं वाटतं. नावाचा अर्थ आणि धारण करणाऱ्याचं पद इतकं चपखल जुळलं की संशय घ्यावा. पहिल्या पक्षाच्या बाजूने पुढे जो पुरावा येतो, तो या पक्षाकडे नाही.

नावांच्या व्युत्पत्तीचा नाद आयर्लंडला जुना. यास्काने निरुक्तात शब्दांशी जसा झगडा केला, तसा तिथल्या मध्ययुगीन पंडितांनी माणसांच्या नावांशी केला. ‘कोर अनमन’ म्हणजे ‘नावांचं औचित्य’ या ग्रंथात एकेक नाव घेऊन ते कुणाला का पडलं याच्या हकिकती सांगितल्या आहेत, काही पटणाऱ्या, काही निव्वळ करमणुकीच्या. १८९७ मध्ये हा ग्रंथ संपादून छापला तो व्हिटली स्टोक्सने. डब्लिनचा हा वकील १८६२ मध्ये हिंदुस्थानात आला आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या आणि न्यास कायद्याच्या मसुद्यांमागे त्याचा मोठा हात. आपल्याकडे जमिनीच्या खरेदीखतापासून खासगी विश्वस्तांपर्यंत ज्या कायद्यांचा उल्लेख रोज होतो, ते घडवणारा माणूस त्याच काळात कलकत्त्यात बसून मध्ययुगीन आयरिश संहिता छापून घेत होता. पुढे १८९४ मध्ये त्याने केल्टिक शब्दांचा मूळकोश काढला, त्यात आयरिश शब्दांशेजारी संस्कृत भावंडं मांडलेली आहेत.

आता राणीकडे वळू. मेद्वची मुख्य कथा आहे ‘तॉइन बो कूलन्या’. तॉइन म्हणजे गुरं पळवून नेण्यासाठी केलेली स्वारी. विराटपर्व वाचलेल्या माणसाला ‘गोग्रहण’ म्हटलं की पुरे. तिचा जुना पाठ इ.स. ११०० च्या आसपासच्या ‘लेवर ना हुइद्रे’ या हस्तलिखितात आहे, पण तो थेट सैन्य गोळा होण्यापासून सुरू होतो. भांडण का झालं ते कळतं बाराव्या शतकातल्या ‘लेन्स्टरच्या पोथी’तून, आणि तो प्रसंग मुळातूनच पाहण्यासारखा आहे.

कॉनॉटची राजधानी क्रूअखन. राजाराणी शेजेवर पडलेली. आयलिल सहज म्हणतो, माझ्याशी लग्न झाल्यापासून तुझं बरं चाललंय. मेद्व तिथेच उठून बसते. माझं आधीही बरंच होतं, म्हणते. आपण राजाची मुलगी कशी, पदरी शिपाई किती, मागणी घालायला कोण कोण आले आणि त्या सगळ्यांना सोडून याला का निवडलं, हे ती नवऱ्याला ऐकवते. नवरा हवा होता तो तीन दोषांशिवायचा: कंजूषपणा नको, भीती नको आणि मत्सर नको. शेवटची अट का, तेही ती लपवत नाही. एका पुरुषाच्या सावलीत दुसरा नसेल असं तिच्या आयुष्यात कधी झालंच नाही. मग दोघं खरोखर मोजदाद करायला बसतात. आधी बादल्या, घंगाळी, लोखंडी हंडे येतात. मग अंगठ्या आणि रंगीबेरंगी कपडे. मग रानातून मेंढ्या, कुरणातून घोडे, जंगलातून डुकरं, शेवटी गुरं. सगळं समसमान निघतं. फरक एका बैलाचा. फिनव्हेनख नावाचा पांढऱ्या शिंगांचा बैल तिच्याच गायीचा, पण बाईच्या मालकीत राहणं त्याला कमीपणाचं वाटलं म्हणून तो आयलिलच्या कळपात गेला होता.

हा नवराबायकोचा लटका रुसवा नव्हे. जुन्या आयरिश कायद्यात विवाहाचे प्रकार संपत्तीवरून ठरत: दोघांनी बरोबरीने भर घातलेला संसार, पुरुषाच्या संपत्तीवर चाललेला आणि बाईच्या संपत्तीवर चाललेला. कोणाचं पारडं जड यावरून घरातले अधिकार ठरायचे, करार कोण मोडू शकतं हेही ठरायचं. आयलिल बाईच्या जिवावर जगणारा आहे असं मेद्व त्याला स्पष्ट सुनावते. त्या एका बैलाने तिचं पारडं हलकं झालं आणि ते बरोबरीला आणायला तिला अल्स्टरमधला तपकिरी बैल, डॉन कूलन्या, हवा होता. तिने आधी तो रीतसर मागितला. वर्षभरासाठी उसना द्या, बदल्यात पन्नास कालवडी, जमीन, रथ देते आणि वर माझा सहवासही. मालक दारे कबूलही झाला. पण निरोप घेऊन गेलेले तिचे लोक रात्री यथेच्छ प्याले आणि दिला नसता तर हिसकावून नेला असता अशी बढाई मारून बसले. सौदा फिसकटला आणि युद्ध झालं. जिच्या नावातच नशा, तिचा बेत दुसऱ्यांच्या नशेने बुडाला, यात कथाकाराला मौज वाटली असणार.

युद्धाची सविस्तर हकिकत इथे सांगत नाही. अल्स्टरचे योद्धे शापाने वेणा भोगत पडलेले असतात आणि सतरा वर्षांचा कू खुलिन एकटा सीमा अडवून धरतो. शेवटी दोन्ही बैल एकमेकांशी झुंजून मरतात. पण कथेचा सूर लक्षात घ्यावा लागतो. ती मठांमधल्या लेखनिकांनी उतरवली आणि त्यांना मेद्व आवडत नव्हती. ऐन माघारीच्या वेळी तिला विटाळ येतो, सैन्याचा विचका होतो आणि बाईच्या मागे गेलं की असंच व्हायचं असा शेरा तिच्याच प्रियकराच्या, फर्गसच्या, तोंडी घातला आहे. बाकी सगळीकडे पराक्रम मोकळ्या मनाने रंगवणारा हा ग्रंथ राणीपाशी आला की उपदेशक होतो.

नावांच्या बाबतीत खुद्द मेद्वचीच एक फजिती सांगतात. आपला जुना वैरी आणि पूर्वीचा नवरा, अल्स्टरचा राजा कोन्खोवर, याला आपला कोणता मुलगा मारेल असं तिने एका द्रुइडाला विचारलं. तो म्हणाला, मेनी. त्या नावाचा मुलगाच नव्हता, म्हणून तिने सगळ्याच मुलांची नावं बदलून मेनी केली. भविष्य खरंही ठरलं. एका मेनीने कोन्खोवरला मारलं, फक्त तो कोन्खोवर भलताच कुणीतरी होता.

ही बाई मुळात होती कोण, हा प्रश्न १९२८ मध्ये तोमास ओ मालया या आयरिश अभ्यासकाने गांभीर्याने उचलला. त्याचं म्हणणं असं, की मेद्व ही माणूस नव्हे. ती राज्यसत्तेची देवता आहे आणि राजा तिच्याशी लग्न लावून राजा होतो. पुरावा क्रूअखनमध्ये जितका आहे त्यापेक्षा लेन्स्टरमध्ये जास्त ठसठशीत आहे. तिथे मेद्व लेथदेर्ग नावाची दुसरी राणी आहे. ती फेदलिमिद राजाची बायको होती, मग आर्तची झाली, मग कॉर्मकचीही. वंशावळ मांडून पाहा: आर्त हा फेदलिमिदचा नातू आणि कॉर्मक त्याचा पणतू. पणजोबांपासून पणतूपर्यंत बायको म्हणून नांदणारी बाई हाडामांसाची असणं शक्य नाही. तारा टेकडीवर राज्य करायचं तर आधी या मेद्वशी विवाह, असं ग्रंथात सांगितलेलंच आहे आणि ताराच्या दक्षिणेला रथ मेव्ह नावाचा प्रचंड गोल बांध अजून उभा आहे.

आणि इथे मधाचा पुरावा येतो. ‘बेल अन स्कॉल’ या कथेत कॉन राजाला एका अद्भुत घरात सोन्याचा मुकुट घातलेली तरुणी भेटते. ती स्वतः सत्ता आहे. तिच्या हातात प्याला, शेजारी लाल एलचा रांजण. हा प्याला कुणाला देऊ, असं ती विचारत राहते आणि उत्तरादाखल पुढे होणाऱ्या एकेका राजाचं नाव सांगितलं जातं. जुन्या आयरिशमध्ये ‘फ्लॅथ’ म्हणजे राज्य आणि ‘लॅथ’ म्हणजे एल. कवी या दोन शब्दांशी खेळत असत. राज्याभिषेकाला ते लग्नाची मेजवानी म्हणत. आता ‘धुंद करणारी’ हा अर्थ पुन्हा वाचा. त्यात रूपाच्या मोहिनीचा संबंध नाही. ज्या पेयाने सामान्य माणूस राजा होतो ते पेय जिच्या हातात, ती मेद्व. ती नशा गादीची आहे. नावांच्या पुस्तकांनी या राजकीय शब्दाचं अत्तर करून टाकलं, अशी माझी तक्रार आहे.

याच धाग्याने फ्रेंच अभ्यासक जॉर्ज द्यूमेझील महाभारतापर्यंत आला. ‘मिथ आणि महाकाव्य’ या त्याच्या मोठ्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, १९७१ मध्ये, त्याने मेद्वशेजारी ययातीची मुलगी माधवी उभी केली. खांडेकरांमुळे मराठी वाचकाला ययाती माहीत आहे, देवयानी आणि शर्मिष्ठाही माहीत आहेत. उद्योगपर्वातली माधवी मात्र थोड्यांनाच आठवते. गालवाला गुरुदक्षिणा म्हणून विश्वामित्राला आठशे घोडे द्यायचे आहेत, चंद्रासारखे पांढरे आणि एक कान काळा. ययातीजवळ घोडे नाहीत. तो मुलगी देतो. अयोध्येचा हर्यश्व, काशीचा दिवोदास आणि भोजांचा उशीनर या तिघांकडून प्रत्येकी दोनशे घोडे येतात आणि प्रत्येकाला तिच्यापासून एक मुलगा होतो. उरलेल्या दोनशेंच्या बदल्यात विश्वामित्र तिलाच ठेवून घेतो आणि चौथा मुलगा होतो. वरदान असं, की प्रत्येक वेळी ती पुन्हा कुमारी होते. शेवटी तिचं स्वयंवर मांडतात तेव्हा ती राजांना ओलांडून अरण्याला वरते. पुढे ययाती स्वर्गातून खाली पडतो, तेव्हा हेच चार नातू आपलं पुण्य देऊन त्याला परत वर पाठवतात.

द्यूमेझीलला नुसतं मेद्व-माधवी हे साम्य दिसलं नव्हतं. दोघींचे बाप सार्वभौम राजे, दोघांचंही मुलांशी वैर, दोघांनीही मुलांना गादीपासून दूर सारलं आणि दोन्हीकडे राज्याचा धागा मुलीतून, तिच्या अनेक पतींतून पुढे जातो. मांडणी देखणी आहे. मला ती निम्मी पटते. बाप, मुलगे आणि मुलगी यांची चौकट खरोखर जुळते आणि ती योगायोगाने जुळावी इतकी साधी नाही. पण नावांचा सांधा कच्चा आहे. माधवी हे ‘मधु’पासूनच साधलेलं रूप असलं तरी त्याच्या संस्कृतातल्या वाटा वेगळ्या आहेत: मधूच्या वंशातली, वसंतातली, ती फुलणारी वेलही. शिवाय संपूर्ण कथेत माधवी कुणालाही प्याला देत नाही. सगळ्यात मोठा फरक द्यूमेझीलने फारच हलक्या हाताने घेतला असं मला वाटतं. मेद्व नवरे निवडते आणि टाकते. माधवीला घोड्यांच्या भावाने देतात आणि स्वतःची अशी निवड तिने एकदाच केली, तीही सगळ्यांना नाकारण्याची. हिंदीत भीष्म साहनींनी तिच्यावर नाटक लिहिलं ते याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून. सत्तेची देवता इकडे येईपर्यंत विनिमयाची वस्तू झाली म्हणायचं, की ती इथे देवता कधी नव्हतीच म्हणायचं, यावर द्यूमेझीलच्या मांडणीचं भवितव्य अवलंबून आहे.

कथांच्या बाहेर, दगडावर हे नाव सापडतं का? जवळजवळ. क्रूअखनच्या, म्हणजे आजच्या रॉसकॉमन परगण्यातल्या रथक्रॉहनच्या माळावर ओवेनगॅट नावाची गुहा आहे. नावाचा अर्थ मांजरांची गुहा. तोंड इतकं अरुंद की पोटावर सरपटत आत जावं लागतं. मध्ययुगीन कथांत ती पाताळाचं दार आहे आणि तिथून भुतंखेतं बाहेर पडतात. आत शिरताना डोक्यावर जी आडवी शिळा येते तिच्या कडेवर ओगम लिपीतल्या रेघा कोरल्या आहेत. त्या ‘व्राइकी मकी मेद्वी’ अशा वाचतात: मेद्वच्या मुलाचा, फ्राइखचा. फ्राइख हा तॉइनच्या कथाचक्रातला वीर आहेच, त्यामुळे राणीच्या गावी राणीचंच नाव सापडलं असा आनंद होतो. व्याकरण मात्र आडवं येतं, कारण षष्ठीचं हे रूप पुल्लिंगी आहे. म्हणजे कोणे एके काळी मेद्व हे पुरुषाचंही नाव होतं, किंवा कोरणाऱ्याने रूप चुकवलं. मी पहिल्या बाजूचा आहे. ‘झिंगलेला’ हे विशेषण पुरुषाला लागायला काय हरकत?

तिच्या मरणाची कथा आयरिश वाङ्मयातल्या सगळ्यात चमत्कारिक मरणांपैकी आहे. बहीण क्लोथ्रा हिला मारल्यावर मेद्व लॉक री सरोवरातल्या एका बेटावर रोज सकाळी आंघोळीला जाऊ लागली. क्लोथ्राचा मुलगा फुर्बदे याने बेटापासून किनाऱ्यापर्यंत दोरी धरून अंतर मापलं, तेवढ्याच अंतरावर खांबावर सफरचंद ठेवून गोफणीचा सराव केला आणि नेम बसू लागला तेव्हा तो किनाऱ्यावर येऊन बसला. ती दिसली तेव्हा हाताशी दगड नव्हता, म्हणून खात असलेला वाळका चीजचा तुकडाच गोफणीत घातला. तो कपाळात बसला आणि ती गेली.

पुरलं कुठे याबद्दल मात्र स्लायगोकरांच्या मनात शंका नाही. ३२७ मीटर उंचीच्या नॉकनरे डोंगराच्या माथ्यावर सुमारे दहा मीटर उंच आणि पंचावन्न मीटर रुंद दगडांची रास आहे. तिला मेव्हची रास म्हणतात. राणी तिथे शस्त्रासह उभी पुरली आहे, तोंड अल्स्टरकडे. ही रास नवाश्मयुगातली, सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची, म्हणजे कथेतल्या राणीच्या काळाहून फार जुनी. ती अजून उकरलेली नाही. शेजारच्या मैदानातून कुठूनही ती दिसते आणि एवढी मोठी वस्तू बेवारस ठेवणं लोकांना जमलं नसावं.

खऱ्या बायकांचं नाव म्हणून मेद्व मध्ययुगाच्या उत्तरार्धात आयर्लंडात बऱ्यापैकी आढळतं. इंग्रजी अंमल घट्ट झाल्यावर कागदोपत्री तिची मॉड, मॅज किंवा मार्जरी झाली. अर्थाशी किंवा मुळाशी या नावांचा काडीचा संबंध नाही. पहिलं अक्षर जुळलं की कारकुनाचं काम भागे. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधली परीराणी मॅब हीच, असंही वारंवार सांगितलं जातं. सांगणाऱ्यांकडे ध्वनिसाम्यापलीकडे फारसं काही नसतं.

नाव परतलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आयरिश पुनरुज्जीवनाच्या लाटेवर. लेडी ग्रेगरींचं कू खुलिनच्या कथांचं पुस्तक १९०२ मध्ये आलं. येट्सने म्हाताऱ्या मेव्हवर दीर्घ कविता लिहिली. पुढे बंडखोर म्हणून गाजलेली कॉन्स्टन्स मार्कीविच हिने १९०१ मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव मेव्ह ठेवलं, तिचं माहेर लिसाडेल नॉकनरेच्याच टापूत. पुढच्या पिढ्यांत ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिणारी मेव्ह ब्रेनन आली, घराघरांत वाचली जाणारी मेव्ह बिंची आली, केनियात मानवाचे पूर्वज उकरणाऱ्या मीव्ह लीकीने त्याच नावाचं आणखी एक स्पेलिंग जगाला दिलं. १९७७ मध्ये आयर्लंडने एक पौंडाची नवी नोट काढली तेव्हा तिच्यावर मेद्वचं चित्र होतं आणि पाठीमागे ‘लेवर ना हुइद्रे’तला मजकूर. संपत्तीच्या मोजदादीवरून युद्ध पेटवणारी राणी चलनावर आली, हे निवड करणाऱ्यांनी मुद्दाम केलं असेल तर त्यांना दाद द्यायला हवी. १९९० मध्ये पौंडाचं नाणं आलं आणि ती नोट गेली.

आता हे नाव आयर्लंडपुरतं राहिलेलं नाही. अमेरिकेत ते १९९७ मध्ये मुलींच्या पहिल्या हजार नावांत आलं आणि गेल्या काही वर्षांत शंभराच्या आसपास पोचलं. ‘वेस्टवर्ल्ड’ आणि ‘सेक्स एज्युकेशन’ या मालिकांतल्या दोन ठसकेबाज मेव्हांनी त्याला हातभार लावला असणार. खुद्द आयर्लंडमध्ये आईबापांपुढचा पेच स्पेलिंगचा असतो. सात अक्षरांचं लिहिलं तर पोरीला परदेशात जन्मभर उच्चार शिकवत बसावं लागतं, इंग्रजी वळणाने लिहिलं तर गेलिक शाळेतली बाई भुवई उंचावते. सरकारी सांख्यिकी कार्यालय प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव धरून मोजतं, त्यामुळे एकाच राणीच्या लेकी यादीत दोन-तीन ठिकाणी विखुरलेल्या दिसतात.